पहिली पाच मिनिटे : आकस्मिक गोळीबाराचा प्रसंग आणि आपल्या शाळा, पेढ्या व सभागृहे

(एक घाऊक धान्य व्यापारी, बऱ्हाणपूर)

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मजकडे डाळींच्या साठवणुकीसंबंधी लेख मागितला होता. तो विषय माझ्या व्यवसायातील असल्याने लिहिणे सोपे गेले असते. तथापि गेली काही वर्षे एक निराळाच विषय माझ्या मनात घोळत आहे, आणि सर्व सभासदांच्या घरी पोहोचणारे दुसरे साधन मजजवळ नसल्याने तोच येथे मांडण्याची परवानगी मी मागून घेतली. शाळेत, दुकानात, कारखान्यात किंवा भरल्या सभागृहात कोणी शस्त्रधारी इसम शिरून समोर दिसेल त्यावर गोळ्या झाडू लागला, तर आत असलेल्या माणसांनी काय करावे, आणि ते त्यांस आधी शिकविता येते काय, हा तो विषय होय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर पोती व थप्प्या मोजलेला मनुष्य. हा पोलिसांचा विषय आहे, तुम्ही त्यात कशाला पडता, असे मला घरातूनही ऐकावे लागले. परंतु वाचता वाचता माझी अशी खात्री होत गेली की, अशा प्रसंगी जीव वाचणे वा न वाचणे हे पुष्कळदा एखाद्या दाराच्या कडीवर, दिव्याच्या बटनावर आणि किल्ली कोणाजवळ आहे यावर अवलंबून असते; आणि या तिन्ही गोष्टी तर आपल्याच ताब्यात असतात.

विषय मनात शिरला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. आमचे मुनीम वाशीच्या धान्य बाजारात वसुलीस गेले होते व मध्यरात्रीच्या गाडीने छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून बऱ्हाणपुरास परतावयाचे होते. ज्या सभासदांनी दाणाबंदरच्या काळापासून मुंबईच्या खेपा केल्या आहेत, त्यांस लांब पल्ल्याच्या गाड्यांचे तेथील मोठे सभागृह चांगले ठाऊक आहे. सूर्यास्तापूर्वी डबा उरकून, चादर अंथरून, वसुलीची पिशवी उशाशी घेऊन आपण तेथे किती रात्री काढल्या असतील! त्याच जागी त्या रात्री दहाच्या सुमारास दोन अतिरेक्यांनी बसलेल्या व निजलेल्या उतारूंवर गोळ्यांचा वर्षाव केला आणि हातबॉम्ब फेकले. एकट्या त्या स्थानकात ५० हून अधिक माणसे मेली. मुंबईतील सर्व ठिकाणांची मृतांची संख्या पुढे १६६ झाली.

आम्ही बऱ्हाणपुरात रात्रभर दूरचित्रवाणीसमोर बसून होतो. मुनीमजींचा फोन लागत नव्हता. त्यांची पत्नी व धाकटा मुलगा आमच्या घरी येऊन बसले होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. सकाळी सातच्या सुमारास एका सार्वजनिक फोनवरून त्यांचा आवाज ऐकू आला. त्यांची लोकल भायखळ्यासच थांबविण्यात आली होती, म्हणून ते स्थानकापर्यंत पोहोचलेच नव्हते. परत आल्यावर ते मला म्हणाले, "शेठजी, मी तेथे असतो तर काय केले असते, हे मला सांगता येत नाही." मलाही ते सांगता आले नसते. मी इतकी वर्षे पेढी चालवितो, पंधरा-वीस माणसे माझ्या छपराखाली काम करतात, आणि अशा वेळी त्यांस कोणता शब्द ओरडून सांगावयाचा हे मला माहीत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम जाणवली.

त्या रात्री ज्यांस काय करावयाचे ते सुचले, अशा तिघांची हकीकत मी नंतर जमेल तितकी वाचून काढली.

पहिले विष्णू झेंडे, रेल्वेचे उद्घोषक. त्यांच्या केबिनमधून फलाट दिसत असत. गडबड काय आहे हे ध्यानात येताच त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला, आणि मागील बाजूने, फलाट क्रमांक एककडून बाहेर पडा, असे ते मराठीत व हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले. केबिनच्या रोखानेही गोळ्या आल्या. तरी सूचना चालूच होत्या. उपनगरी गाड्यांतून नुकत्याच उतरलेल्या किती तरी लोकांस त्यामुळे कोणत्या दिशेने जाऊ नये हे कळले. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. भ्यालेली गर्दी जिकडून आली तिकडेच परत धावते, कारण तोच रस्ता तिला ठाऊक असतो. दुसरा रस्ता आहे आणि तो अमुक आहे, हे सांगणारा एक आवाज तेथे होता, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या अंजली कुलथे, कामा रुग्णालयातील परिचारिका. स्थानकातून निघालेले ते दोघे अतिरेकी या रुग्णालयात शिरले व त्यांनी दोघा पहारेकऱ्यांस ठार केले. कुलथे यांच्या देखरेखीखाली २० गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी वॉर्डाची जाड दारे लावून घेतली, दिवे मालविले आणि सर्व स्त्रियांस वॉर्डाच्या टोकाशी असलेल्या लहानशा खाद्यकोठीत नेऊन बसविले. त्यांतील एकीस तशातच प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या. तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला आधार देत त्यांनी वरच्या मजल्यावरील प्रसूतिगृहात पोहोचविले. २० पैकी एकाही स्त्रीस इजा झाली नाही. या बाईंनी पुढे न्यायालयात कसाबला ओळखले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपली हकीकत सांगितली.

तिसऱ्या मल्लिका जगड, ताजमहाल हॉटेलातील मेजवान्यांची व्यवस्था पाहणाऱ्या, वय अवघे चोवीस. एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची मेजवानी त्यांच्या देखरेखीखाली चालू होती. बाहेरचा आवाज कानी येताच त्यांनी दालनाची दारे बंद करविली, दिवे घालविले व पाहुण्यांस टेबलांखाली निजून राहावयास सांगितले. रात्र तशीच गेली. सकाळी अग्निशामक दलाच्या शिडीवरून सर्वजण खिडकीतून खाली उतरले.

एक उद्घोषक, एक परिचारिका, एक हॉटेलातील नोकरदार मुलगी. बंदुकीशी तिघांचाही संबंध नव्हता. मात्र आपली इमारत त्यांस तळहातासारखी ठाऊक होती. मागचा रस्ता कोठे निघतो, कोणत्या खोलीस खिडकी नाही, दिव्याचे बटन कोठे आहे, हे त्यांस शोधावे लागले नाही. आपल्या पेढीतील नव्या नोकरास आपण रोकड कशी मोजावी हे शिकवितो. मागचे दार दाखवितो काय?

आता मदतीचा विचार करू. मुंबई पोलिसांनी त्या रात्री अपुऱ्या शस्त्रांनिशी झुंज दिली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर व तुकाराम ओंबळे यांनी त्यात प्राण वेचले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान हरियानातील मानेसर येथून विमानाने आले, आणि ते कामास लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. त्यावरून धडा घेऊन २००९ साली या दलाचे एक केंद्र मुंबईतच स्थापन झाले. परंतु हे मुंबईसारख्या शहराचे झाले. बऱ्हाणपुरास आपले जिल्हा पोलीस आहेत व ते त्वरेने येतील यात मला संशय नाही. त्यापुढचे विशेष दल इंदूर वा भोपाळहून यावयाचे झाल्यास तासांचा हिशेब करावा लागेल. आणि पुढील आकडे पाहिले तर पोलिस चौकीपासून पेढीपर्यंतची दहा मिनिटेही फार वाटतात.

हे आकडे अमेरिकेतील आहेत, कारण दुर्दैवाने या विषयाचा सर्वांत मोठा अनुभव त्याच देशास आहे. तेथील केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, २००० ते २०१३ या काळातील अशा १६० घटनांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६३ घटना किती वेळ चालल्या हे निश्चित करता आले. त्यांतील ४४ घटना पाच मिनिटांच्या आत आटोपल्या होत्या, आणि त्या ४४ पैकी २३ तर दोन मिनिटांच्याही आत. म्हणजे पोलिसांस फोन लागून पत्ता समजेपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. व्यापारी मंडळींनी ध्यानात घेण्याजोगा दुसरा आकडा असा की, १६० पैकी ७३ घटना दुकाने, कचेऱ्या, कारखाने, बाजार अशा धंद्याच्या जागी घडल्या. शिक्षणसंस्थांत घडलेल्या ३९. वर्तमानपत्रांत आपण शाळांच्याच वार्ता अधिक वाचतो, म्हणून हे सहसा लक्षात येत नाही.

आपल्या देशात असे क्वचितच घडते, आणि ते मी मुद्दाम सांगतो, कारण भय पसरविण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आपल्याकडे बंदूक बाळगण्याचा परवाना सहजी मिळत नाही, हे एक मोठे सुदैव. तथापि क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात एक इसम पिस्तूल घेऊन भरल्या वर्गात शिरला; एका पोलीस अधिकाऱ्याने साध्या वेषात गर्दीतून पुढे होऊन त्यावर झडप घातली, म्हणून मुले सुखरूप राहिली. त्याच वर्षी ३१ जुलैस जयपूरहून मुंबईस जाणाऱ्या गाडीत, पालघरजवळ, रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका शिपायाच्या गोळीबारात त्याचा वरिष्ठ अधिकारी व तीन प्रवासी मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यातील छतरपूर जिल्ह्यात एका शासकीय शाळेच्या प्राचार्यांची शाळेतच गोळी घालून हत्या झाली आणि आरोप आला तो त्यांच्या बारावीतील विद्यार्थ्यावर. शेजारच्या देशातील पेशावर येथे १६ डिसेंबर २०१४ रोजी सैनिकी शाळेत १३० हून अधिक विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांस शाळांच्या रक्षणाविषयी सूचना पाठविल्या. कुंपणाच्या भिंती, फाटकावरील पहारा, सराव वगैरे. काही शहरांत सराव झालेही. पुढे भिंती तेवढ्या उंच झाल्या, आणि सराव बहुतेक ठिकाणी मागे पडला असे माझे निरीक्षण आहे.

सराव करावयाचा म्हणजे शिकवावयाचे तरी काय? अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने २०१२ साली एक लहानशी चित्रफीत काढली, तीतील तीन शब्द आता जगभर झाले आहेत: निघा, लपा, आणि अगदीच उपाय खुंटला तर लढा. ब्रिटनने पुढे त्यात आपल्यापुरता बदल करून तिसऱ्या शब्दाच्या जागी "सांगा" हा शब्द घातला, म्हणजे सुरक्षित होताच पोलिसांस कळवा. आपल्याकडे त्यासाठी ११२ हा क्रमांक आहे.

निघा, याचा अर्थ आवाज कोणत्या बाजूने येतो ते ओळखून विरुद्ध दिशेच्या वाटेने ताबडतोब बाहेर पडावे. येथे व्यापाऱ्याची मोठी कसोटी आहे. गल्ला उघडा आहे, वह्या गादीवर आहेत, मोबाईल चार्जिंगला लावला आहे. हे सर्व तेथेच टाकून जावयाचे. मालकाने आधीच नोकरांस स्पष्ट सांगून ठेवले पाहिजे की अशा वेळी रोकड वाचविणाऱ्यास शाबासकी मिळणार नाही. इमानी नोकर गल्ल्यास कुलूप लावण्यासाठी थांबतो आणि तेवढ्यातच घात होतो. कोणी सोबत येण्यास कचरत असेल तर त्यास ओढावे, पण त्याच्यासाठी दहाजणांनी खोळंबून राहू नये.

लपा, हा सर्वांत विस्ताराने समजून घेण्याचा भाग आहे. बाहेर पडण्याची वाट नसेल तर दार आतून लावता येईल अशा खोलीत शिरावे, दिवे घालवावे, फोनचा आवाजच नव्हे तर त्याची थरथरही बंद करावी, आणि दाराच्या सरळ रेषेत न राहता बाजूच्या भिंतीशी खाली बसावे. कपाट, टेबल, पोती, जे हाताशी येईल ते दारास लावावे. हल्लेखोरास घाई असते. बंद व अंधाऱ्या खोलीशी झगडत बसण्यापेक्षा तो बहुधा पुढचे उघडे दार शोधतो. लपण्याचेही दोन प्रकार आहेत. पत्रा, फळी, पडदा यांच्यामागे माणूस दिसत नाही, पण गोळी त्यांस जुमानत नाही. विटांची जाड भिंत गोळी अडविते. आमच्या एका वृद्ध हमालाने हा भेद मजपेक्षा लवकर ओळखला. तो म्हणाला, "शेटजी, गादीच्या फळीमागे बसून काय उपयोग? तुरीच्या थप्पीमागे बसा." सैन्य वाळूची पोती रचते ते उगाच नव्हे, धान्याची तीन-चार पोती खोलीची थप्पी त्याच जातीची आहे. गोदामात काम करणाऱ्यांस हा आसरा देवाने आयताच दिला आहे म्हणावयाचे.

परंतु दार! सगळे घोडे तेथे अडते. टेक्सास राज्यातील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ बालके व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्या शाळेत सुरक्षेची लेखी योजना होती, वर्गांची दारे सदैव कुलूपबंद ठेवावी असा नियम होता, पोलिसांचे शिक्षणही झालेले होते. राज्याच्या विधिमंडळाच्या समितीने चौकशी केली तेव्हा काय आढळले? किल्ल्या पुरेशा नव्हत्या, म्हणून दारे उघडी ठेवण्याची सवय पडली होती; आणि ज्या वर्गांत हा अनर्थ झाला त्यांपैकी एकाच्या दाराचे कुलूप नीट लागत नाही, हे शाळेत पुष्कळांस ठाऊक असूनही ते दुरुस्त झालेले नव्हते. त्यावर कडी म्हणजे दाराबाहेर जमलेले पोलीस ७७ मिनिटे आत शिरले नाहीत. वास्तविक २० एप्रिल १९९९ च्या कोलंबाईन शाळेतील हत्याकांडानंतर, विशेष पथकाची वाट न पाहता पहिल्या आलेल्या पोलिसांनीच आत जावे, हा धडा त्या देशाने घेतलेला होता. इतका पैसा, इतके नियम, आणि शेवटी एक कुलूप! मी हे वाचले त्या दिवशी उठून आमच्या गोदामाची सर्व कुलपे तपासली. ती हकीकत पुढे सांगतो.

आपल्या शाळांची गोष्ट याहून निराळी नाही. आपल्या शहरातील एका शाळेत नातवाच्या निमित्ताने मी गेलो असता सहज वर्गांची दारे पाहिली. कडी बाहेरून होती. आतून काहीच नव्हते. विचारता उत्तर मिळाले की मुले आतून कडी लावून दंगा करतात, म्हणून ती काढून टाकली. कारण खोटे नाही. परंतु उपाय सोपा आहे. शिक्षकाचा हात पोहोचेल अशा उंचीवर आतून एक अडसर बसवावा. लहान मुलांचा हात तेथे पोहोचणार नाही. मोठ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात उंचीचा उपयोग नाही, तेथे शिक्षकाच्या शिस्तीवरच भिस्त ठेवावी लागेल. मात्र बाहेर पडण्याच्या दारास आतून किल्लीचे कुलूप कधीही असू नये, कारण आग लागल्यास तेच दार सापळा बनते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गुदमरून मेली; तेथे गॅलरीतील एक वाट जादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. बाहेरच्यास आत येता येऊ नये, पण आतल्यास किल्लीवाचून बाहेर पडता यावे, असे दार हवे. आपले जुने सुतार हे जाणत होते; जुन्या वाड्यांचे अडणे तसेच असतात. ज्या शहरास शनवारा, इतवारा, शिकारपुरा अशा वेशी लाभल्या, त्यास दार केव्हा उघडावे आणि केव्हा लावावे हे बाहेरच्यांनी शिकवावयास नको.

मुलांच्या सरावाविषयी माझे मत स्पष्ट आहे: खोट्या बंदुका, खोटे रक्त, अचानक आरडाओरडा, हे प्रकार शाळेत मुळीच नसावेत. अमेरिकेत त्याचा अतिरेक झाला. इंडियाना राज्यातील एका प्राथमिक शाळेत जानेवारी २०१९ मध्ये सरावाच्या नावाखाली शिक्षिकांस गुडघ्यांवर बसवून त्यांच्या पाठीवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडण्यात आल्या. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० साली, मुलांस फसवून वा खऱ्यासारखा देखावा करून सराव घेऊ नये, असे मत दिले. लहान मुलांस हल्लेखोर हा शब्दही सांगण्याचे कारण नाही. बाई "दार बंद, दिवा बंद, तोंड बंद" म्हणाल्या की कोपऱ्यात जाऊन शांत बसावयाचे, हा खेळ बालवाडीतील मूलही दोन वेळांत शिकते. तारीख पालकांस आधी कळवावी. शिक्षकांचा सराव मात्र निराळा, मुले घरी गेल्यावर, पोलिसांच्या मार्गदर्शनाखाली व्हावा. त्यात एक प्रश्न अवश्य सोडवावा: दार लावल्यावर बाहेर राहिलेले मूल रडत दार ठोठावू लागले तर? मी दोन शिक्षिकांस हे विचारले. दोघींची उत्तरे भिन्न आली, आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी आले. असे प्रश्न त्या क्षणी सोडविण्याचे नसतात. म्हणूनच दार लावण्यापूर्वी बाहेरच्या पडवीवर एकदा नजर टाकून दिसेल त्या मुलास, मग ते कोणत्याही वर्गाचे असो, आत ओढून घ्यावे, असा नियम त्या दोघींनी आपसांत ठरविला.

सूचना देण्याची भाषाही आधी ठरलेली असावी. सांकेतिक घंटा वा गुप्त शब्द ठेवले तर नवा शिक्षक, पाहुणा पालक, डबेवाला यांस काहीच कळत नाही. "मुख्य फाटकावर बंदूकधारी माणूस आहे, दारे लावा", एवढे सरळ वाक्य पुरे.

फोन व दूरचित्रवाणी यांविषयी दोन शब्द. ताजमहाल हॉटेलात पाहुणे कोणत्या दालनात सुरक्षित आहेत, ही माहिती त्या रात्री दूरचित्रवाणीवरून बाहेर गेली, आणि अतिरेक्यांचे सूत्रधार कराचीत बसून तीच चित्रे पाहत फोनवरून आज्ञा देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या आपल्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, व २०१५ साली नियम बदलून अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद करण्यात आले. आता प्रत्येकाच्या खिशातच प्रक्षेपण केंद्र आहे. आत अडकलेल्या नातलगास फोन करू नये, कारण घंटा वाजते. त्याचा निरोप आला तर तो कोठे लपला आहे हे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. आणि पालकांनी शाळेकडे धाव घेऊन रस्ता अडवू नये. हे तिसरे मला स्वतःलाच पाळता येईल की नाही, याची शंका आहे.

पोलीस आल्यावर मोकळे हात वर धरून बाहेर यावे, त्यांच्या अंगावर धावत जाऊ नये. कोण हल्लेखोर व कोण व्यापारी हे त्यांस कपड्यांवरून कळत नसते. जखमी इसमाचे रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर जोराने दाबून धरावी व हात काढू नये. मोठी रक्तवाहिनी तुटली असल्यास काही मिनिटांतच प्राण जातो. हातपायाच्या जखमेवर वरच्या बाजूस पट्टा आवळून रक्त थांबविण्याची रीत आहे, पण ती डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. आपल्या समाजात डॉक्टरांची वाण नाही. त्यांनी एक रविवार द्यावा.

तिसरा शब्द, लढा. अहिंसाधर्मी समाजाच्या स्मरणिकेत तो कसा लिहावा, असे मला एका मित्राने विचारले. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाच्या बाबतीत हिंसेचे चार भेद केले आहेत. त्यांतील संकल्पी हिंसा, म्हणजे मुद्दाम ठरवून केलेली, त्यास सर्वथा वर्ज्य. स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा गृहस्थास पूर्णपणे टाळता येत नाही, हे त्यांनी मान्य केले आहे. वर सांगितलेल्या १६० घटनांपैकी २१ घटनांत निःशस्त्र लोकांनीच हल्लेखोरास धरून पाडले. तेव्हा कोंडीत सापडल्यावर अग्निशामक नळकांडे, खुर्ची, वजनाचे माप, जे हाती येईल ते वापरून अनेकांनी एकदम तुटून पडावे, यात मला दोष दिसत नाही. पेढीवर बंदूक ठेवावी, अशी सूचना मात्र काही तरुण सभासद करतात, ती मला मान्य नाही. ज्या घरात बंदूक आहे तेथे ती एके दिवशी चुकीच्या हाती पडते.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे हा प्रसंग येण्यापूर्वीची चिन्हे. असे पुष्कळ हल्लेखोर आधी कोणाजवळ तरी बोललेले असतात. धमकी, निरोप, चिठ्ठी. ऐकणारा म्हणतो, रागात बोलला. नोकरीवरून काढलेला मनुष्य, हिशेबात अडकलेला भागीदार, सर्वांसमक्ष अपमान झालेला विद्यार्थी, यांचा राग मालकाने वा मुख्याध्यापकाने हसण्यावारी नेऊ नये. नोकरास काढावयाचेच झाले तर त्याचा पै-पैचा हिशेब त्याच दिवशी करावा, एकान्तात करावा, आणि धमकी आली तर पोलिसांस कळविण्यात पेढीची अब्रू जाते असे मानू नये.

आता आमच्या पेढीची हकीकत. गेल्या वर्षी बाजार बंद असलेल्या एका दुपारी मी सर्वांस आधी कल्पना देऊन सराव घेतला. पुढे गादी, मागे गोदाम, गोदामाचे मागचे दार बोळात उघडते. मी घड्याळ हाती घेऊन "मागच्या दाराने निघा" असे म्हटले, आणि सर्वजण हसत हसत मागे गेले. दारासमोर तुरीची छातीइतकी थप्पी लागली होती. ती हलविल्यावर कुलूप दिसले, ते गंजलेले. किल्ली कोणाजवळ आहे यावर मुनीमजी व माझा मुलगा यांच्यात वाद झाला. अखेर ती जुन्या वह्यांच्या कपाटात सापडली आणि तेल घालून कुलूप उघडावयास एकंदर पंचवीस मिनिटे लागली. तोपर्यंत कोणी हसत नव्हते. एफबीआयच्या हिशेबाने पाहिले तर आमच्यापैकी कोणी उरला नसता. हे मुनीम तेच, ज्यांची लोकल भायखळ्यास थांबली होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुलूप काढून टाकून आतून लोखंडी अडसर बसविला. दुसऱ्या सरावात सोळा माणसे एक मिनिट चाळीस सेकंदांत बोळात पोहोचली. एक हमाल वाटेत चप्पल शोधत राहिला, त्याचा वेळ त्यातच धरलेला आहे.

समाजाच्या ज्या सभागृहांत आपण लग्ने व पर्युषणातील कार्यक्रम करतो, त्यांपैकी एकाची स्थिती मी अलीकडे पाहिली. दारे दोन. समारंभाच्या दिवशी मागचे दार बंद ठेवतात, कारण तिकडून आगंतुक जेवावयास येतात. त्यावर मांडवाचे कापड लावलेले असते आणि त्यापुढे आचाऱ्याची भांडी. आत सातशे माणसे. कार्यकारिणीस माझी विनंती आहे की पुढील समारंभापासून त्या दारावर कापड न लावता एक स्वयंसेवक बसवावा, दार आतून उघडता यावे अशी कडी करावी, आणि कार्यक्रमाच्या आरंभी सूत्रसंचालकाने दोन्ही दारे कोठे आहेत हे एका वाक्यात सांगावे. स्वयंसेवकाचे काम पहिल्या समारंभास मी स्वतः करीन. ज्या सभासदांस आमच्या गोदामाचा अडसर पाहावयाचा असेल त्यांनी बाजार बंद असेल त्या दिवशी दुपारी तीन वाजता यावे. तुरीची थप्पी आता दारापासून अडीच हात दूर लावलेली आहे.